रंगाचे दोन हात

दादानं ताडपत्रीचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं धाकट्या भावाच्या हातात दिलं आणि म्हणाला, “टिटवे, डोळे मीट.”

खुब्याचं ऑपरेशन होऊन, दोन महिने पुतणीच्या घरी काढून, सकाळपासून तिच्यासोबत बसमध्ये अवघडून ती आत्ताच उतरली होती. तिला फक्त आडवं व्हायचं होतं. पण दादा शेडमध्ये उभा होता, स्वतःच्या पायांवर, कामाचे जुने कपडे घालून. काठीवर भार टाकून तिनं डोळे मिटले. लहानपणी ती लांब पायांनी चिखलात टुकूटुकू हिंडायची म्हणून दादानं तिला टिटवी नाव ठेवलं होतं. त्रेसष्टाव्या वर्षी तिला त्या नावानं हाक मारणारा जगात हा एकच माणूस उरला होता.

डोळे उघडायच्या आधीच वासानं तिला कळलं. ताजा रंग. तोही साधा नव्हे, होडीच्या तळाला लावतात तो, तांबं घातलेला. या वासात तिघं भावंडं वाढली होती.

ताडपत्री सरसरत खाली आली.

“हं. बघ आता.”

शेडच्या भिंतीला टेकून बरगड्या ओळीनं उभ्या होत्या, सगळ्यात लहानीपासून सगळ्यात मोठीपर्यंत. मोडीत काढलेल्या एका जुन्या होडीच्या या बरगड्या. चार वर्षांपूर्वी तिनं त्या एकेक करून खाडीच्या वळणावर चिखलात रोवल्या होत्या, अर्धवर्तुळात. ती जागा सरकारी विभागानं तिला करारानं दिली होती, तपासणीच्या अटीवर. लोकांनी टाकलेल्या वस्तूंतून ती आयुष्यभर काही ना काही करत आली होती. फाटक्या जाळ्यांचे पडदे, लाटांनी घासून गुळगुळीत झालेल्या काचांच्या खिडक्या. आणि त्यांच्याबद्दल लिहिलेले लेख, पुस्तकं. पण ही एकच गोष्ट अशी होती की तिथं हात लावायचा नव्हता. रोवायचं आणि वाट बघायची. पहिल्या वर्षी लाकडावर नुसता हिरवा बुळबुळीत थर आला. मग नखाएवढी कालवं. मग त्या कालवांवर दुसरी कालवं, त्यांच्या फटींत खेकडे, कोळंबीची पिल्लं, आणि गेल्या हिवाळ्यात अर्धवर्तुळाच्या आत गाळ धरून खारं गवत उगवलं होतं. पन्नास वर्षं मेलेला तो चिखल श्वास घ्यायला लागला होता.

आता बरगड्या विटकरी लाल होत्या आणि चमकत होत्या. त्यांच्यावर एक कवच शिल्लक नव्हतं.

“एकट्यानं खरवडलंय सगळं,” दादा म्हणाला. “याला विचार. यानं फक्त कप्पीनं उचलून वर आणल्या. पत्रा माझा, ब्रश माझा. केवढा थर चढू दिला होतास गं! लाकूड दिसत नव्हतं. आणि गुरुवारी तपासणी आहे म्हणे. म्हटलं, आपल्या शेडमधलं काम आणि तपासणीला असं जाणार?”

तिनं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा ताडपत्रीची घडी घालण्यात गुंतला होता. इतकी नीट घडी त्यानं उभ्या आयुष्यात घातली नसेल.

“रंगाचे दोन हात,” दादा म्हणाला. “दहा वर्षं आता यावर माशी बसायची नाही.”

“सुंदर झालंय, दादा,” ती म्हणाली. ते खरंही होतं. कामात खोट काढायला जागा नव्हती.

“बघ! मी म्हणत नव्हतो?” तो दारात उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला. वहिनी हसली, पण डोळे नणंदेच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत.

“खरवड कुठे टाकलीस?”

“कुठे म्हणजे? पाण्याच्या कडेला, ओहोटीच्या रेघेखाली. अप्पांचा नियम मी कधी मोडलाय का?”

होडीच्या तळावरून जे निघेल ते आवारात सडू द्यायचं नाही, ज्याचं त्याला परत करायचं, असा अप्पांचा नियम होता. अप्पा जाऊन वीस वर्षं झाली होती. शेडची वाटणी झाली, भांडणं झाली, मिटली. हा नियम मात्र कुणी मोडला नाही.

जेवताना दादा बोलत होता. कुठल्या बरगडीला भेग होती, ती कशी भरली, हात थरथरतो म्हणून ब्रश मनगटाला कसा बांधून घेतला. दोनदा भात मागून घेतला. पुतणी, धाकट्याची मुलगी, ताटात बोट फिरवत बसली होती. ती शहरात शाळेत विज्ञान शिकवायची. आत्याच्या बरगड्यांवर तिच्या मुलांनी प्रकल्प केला होता. तिनं एकदा तोंड उघडलं तशी वहिनीनं तिच्यापुढे मासळीचं भांडं सरकवलं, “घे गं, तू काहीच खात नाहीस,” आणि ते इतक्या जोरात की रस्सा मेजावर सांडला.

जेवून दादा आतल्या खोलीत जाऊन पडला. त्याचं दार लागलं तसं चौघांनीही एकदमच पाठ खुर्चीला टेकवली.

“मी जरा जाऊन येते,” ती म्हणाली.

“आत्या, चिखलात तू जायचं नाहीयेस. डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“कडेपर्यंतच.”

पुतणी सोबत आली. शेडच्या मागच्या उतारावरून खाली जायला तिला आधी मिनिटही लागत नसे; आज हात धरून, थांबत थांबत जावं लागलं. पाणी ओसरलं होतं. जिथं बरगड्या होत्या तिथं चिखलात अर्धवर्तुळात खड्डे होते, काठाशी ढासळत, पाण्यानं भरलेले. आतलं गवत पायांनी तुडवलेलं होतं. कडेला खरवडीचा ढीग. त्यावर पक्षी बसले होते आणि निवांत खात होते.

तिनं काठीनं ढीग उकरला. बहुतेक कवचं उघडी, रिकामी. खालच्या ओल्या थरात काही अजून घट्ट मिटलेली होती. तिनं एक उचललं, हातात धरलं, परत ठेवलं.

“जगतील?” पुतणीनं विचारलं.

“खालची काही जगतील. गाळात बुडाली नाहीत तर. कवचांचा ढीग राहिला तर पुढच्या हंगामात त्यावर नवीही बसू शकतात.” ती दमून थांबली. “बसतील असं नाही म्हणत. बसू शकतात.”

“मग पुन्हा रोवू. मी सुट्टीत येते.”

“त्याच बरगड्या? त्यांच्यातून आता वर्षानुवर्षं तांबं सुटत राहणार. या रंगाचं कामच ते. काही जगू द्यायचं नाही.”

“दुसऱ्या शोधू.”

“शोधू,” ती म्हणाली, जसं डॉक्टरला हो हो म्हणतात तसं. तिला चार वर्षं दिसत होती, एकापुढे एक उभी, आणि त्यांच्यापुढे स्वतःचा हा नवा खुबा. ज्या वयात माणसं झाडं लावतानाही जरा विचार करतात त्या वयात तिनं हे आरंभलं होतं. दुसऱ्यांदा आरंभायला जी भूक लागते ती पोटात शोधूनही सापडत नव्हती.

“काकांना सांगितलं का नव्हतंस कधी? की हे कशासाठी आहे?”

“लिहिलं होतं ना.”

“काका वाचतात?”

कालवाचं पिल्लू पाण्यात तरंगत येऊन कुठं बसायचं ते कसं ठरवतं, याच्यावर तिनं पानंच्या पानं लिहिली होती. कुठल्या गावच्या कोण लोकांनी ती वाचून तिला पत्रं पाठवली होती. आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या भावाला ती चार वर्षं एवढंच म्हणाली होती, “माझं काम चाललंय.” या घरात काम म्हणजे होडी आणि तपासणी म्हणजे स्वच्छ तळ. दुसरा अर्थ त्याला कुणी दिलाच नव्हता.

त्या वर आल्या तेव्हा स्वयंपाकघरात धाकटा आणि वहिनी दबक्या आवाजात भांडत होते. पुतणी आत शिरली ती थेट बापावर.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं.”

“हळू बोल.”

“तुम्हाला चांगलं माहीत होतं आत्याचं काम काय आहे. कालवं गेली की वळण परत विभागाकडे जातं, तिथं दगडी भिंत होते आणि भिंतीला होड्या लागतात. तुम्हाला भिंत हवीच होती.”

“हवी होती. नाही कशाला म्हणू? शेडला गिऱ्हाईक यायला रस्ता नाही, होडी लावायला जागा नाही. कालवं मला पगार देत नाहीत.” धाकट्यानं कपाळ चोळलं. “पण म्हणून मी केलं असं वाटतं तुला? मी सकाळी शेडमध्ये गेलो तर दादा पत्र्याला धार लावत बसलेला. दोन वर्षं खुर्चीतून उठला नव्हता हा माणूस. म्हणाला, जरा बरगड्या वर आणून दे, टिटवी यायच्या आत करून टाकू. काय सांगू त्याला? दादा, तू बस, तुला काही कळत नाही? तू सांगितलं असतंस?”

“सांगायला हवं होतं.”

“सांगायला हवं होतं आणि सांगणं यात फरक असतो, मास्तरीणबाई.”

“आणि मी पण सांगितलं नाही,” वहिनी म्हणाली. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. “मलाही माहीत होतं. तुमचा लेख आला होता पेपरात तेव्हा मी वाचला होता, वन्सं. पण हे रात्री झोपायला लागले. अन्नाला चव आहे म्हणाले. मी म्हटलं, काय होईल ते होवो.” तिनं वळून पाहिलं. “रागवा माझ्यावर. पण त्यांना कळू देऊ नका. हात जोडते.”

रागवायचं तर कुठून सुरुवात करायची हेच तिला समजेना. ती खुर्चीत बसली. पाय ठणकत होता.

“गुरुवारी विभागातली बाई येणार,” ती म्हणाली. “काय दाखवू तिला? खड्डे?”

“ते मी बघितलंय,” धाकटा खुर्ची ओढून जवळ सरकला. “करार मी वाचलाय.”

“तू कधी वाचलास?”

“ज्याला भिंत हवी असते तोच करार नीट वाचतो. वादळानं किंवा अनोळखी माणसांनी नासधूस केली तर एक वर्षाची मुदत वाढवून मिळते. घरच्यांनी काढलं तर नाही, लगेच जागा परत. तू आत्ता फोन कर. सांग, मी नव्हते, कुणीतरी येऊन बरगड्या उपटून नेल्या. कोण ते माहीत नाही. संपलं. बरगड्या मी मागच्या बाजूला झाकून ठेवतो. वर्षभरात नवीन रोवू, मी स्वतः चिखलात उतरतो.”

“तू?” ती म्हणाली.

“मी. मग काय झालं? भिंत काय, आणखी एक वर्ष नाही झाली तर मी मरत नाही.”

धाकट्यानं तिच्या बाजूनं बोलण्याची ही वाटणीनंतरची पहिलीच वेळ असेल. तिनं पुतणीकडे पाहिलं. पुतणी नाराजीनं का होईना मान हलवत होती.

“खोटं आहे,” पुतणी म्हणाली, “पण वर्ष मिळतं, आत्या. वर्षभरात त्या ढिगावर काही बसलं तर दाखवायला काहीतरी असेल.”

“आणि ह्यांचं नाव कुठे येत नाही,” वहिनी म्हणाली.

तिघंही तिच्याकडे बघत होती. या घरात तीन माणसं एका मतावर आली आहेत आणि ते मत तिच्या बाजूचं आहे, असं कधी झालं होतं ते तिला आठवेना. एवढं एकमत मोडायला अंगात जी ताकद लागते ती तिच्यात नव्हती. तिनं फोन उचलला आणि नंबर लावला. पलीकडे कुणी उचलला नाही.

“अनोळखी माणसं,” दारातून आवाज आला.

दादा उंबऱ्यावर उभा होता. बनियन, विस्कटलेले केस, एक हात चौकटीवर.

“तुम्ही झोपला नव्हतात?” वहिनी म्हणाली.

“हात गेलाय माझा. कान नाही गेले.” तो आत आला आणि मेजाच्या कडेला धरून उभा राहिला. कुणीतरी खुर्ची पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. “टिटवे, ते जे मी खरवडलं, तेच तुझं काम होतं?”

“हो, दादा.”

“जिवंत होतं?”

“हो.”

“आणि लाकूड?”

“लाकूड नुसतं त्यांना बसायला.”

त्यानं मान हलवली. किती तरी वेळ हलवत राहिला. वहिनी त्याच्याकडे जायला निघाली, त्यानं हातानंच थांबवलं.

“मूर्ख आहे मी,” तो म्हणाला. “दोन आठवडे शिट्टी वाजवत होतो.”

“तुला कुणी सांगितलं नाही, दादा. मीही नाही सांगितलं.”

“ते झालं तुझं. माझं मी बघतो.” मग तो धाकट्याकडे वळला. “पण तू काय म्हणालास? कुणीतरी उपटून नेलं? कोण नेणार? चोर आला, भुरटा? आणि माझ्या बरगड्या मागे झाकून ठेवणार?”

“दादा, एक वर्ष मिळतंय रे. तिच्यासाठीच म्हणतोय.”

“कळतंय मला. मिळू दे, नाही असं मी म्हणत नाही. तिचं आहे, तिनं ठरवायचं.” त्याचा आवाज एकदम खाली गेला. “पण टिटवे, मी आता दुसरं काही करणार नाहीये. उचलता येत नाही, धरता येत नाही. हे शेवटचं. चुकीचं केलं, नको ते केलं, सगळं मान्य. पण हातातून उतरलंय ते बरं उतरलंय. ते कुणा अनोळखी माणसाचं म्हणून सांगू नकोस. तेवढं नको.”

धाकटा खिडकीबाहेर बघायला लागला.

तिला वाटलं, याला म्हणावं की तुझं शेवटचं काम माझ्या कामाच्या मढ्यावर उभं आहे. ते खरं होतं. तिला वाटलं, कुणाचा मान ठेवायला चिखल मारायचा का? हेही खरंच. तो चिखल तिच्याकडे मान मागू शकत नव्हता, बोलू शकत नव्हता. त्याच्या बाजूनं बोलायचं म्हणून तर ती आयुष्यभर लिहीत आली. एक शब्द इकडचा तिकडे केला की त्याला वर्ष मिळत होतं. आणि समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तिचा भाऊ मेजाची कड धरून उभा होता, आणि मेजावरचा पेला त्याच्या हाताबरोबर किणकिणत होता.

फोन वाजला. विभागातली बाई होती. मघाशी मिस्ड कॉल दिसला म्हणाली. तरुण आवाज, घाईतला. गुरुवारचं पक्कं ना?

“पक्कं आहे,” ती म्हणाली. “पण आधी सांगायला हवं. बरगड्या चिखलात नाहीत. आधाराला काही नाही आता तिथं.”

“अरे! म्हणजे कुणी नेल्या का? तसं असेल तर मला तसं कळवा, आपल्याकडे सोय आहे—”

सोय आहे. बाईनंही दार उघडूनच धरलं होतं. नुसतं हं म्हटलं असतं तरी भागत होतं.

“नाही,” ती म्हणाली. “कुणी नेल्या नाहीत. माझ्या भावानं काढल्या. होड्यांचा कारागीर आहे. खरवडून, भेगा भरून, तळाच्या रंगाचे दोन हात दिलेत. शेडमध्ये उभ्या आहेत.”

पलीकडून हळू आवाजात, “तुम्हाला माहीत आहे ना, मला हे असंच लिहावं लागेल?”

“लिहा.”

“वळण परत जाईल. भिंतीचं काम पुढच्या वर्षी धरलंय त्यांनी.”

“माहीत आहे. पण कडेला कवचांचा ढीग आहे. खालची थोडी जिवंत आहेत. तेही लिहा. तुमच्या कामाचं नसलं तरी लिहा. आणि येणं रद्द करू नका. बरगड्या बघून जा. असं काम आता कुणी करत नाही.”

फोन ठेवल्यावर तिला दिसलं, की पुतणी रडते आहे आणि ते लपवायला खरकटी भांडी गोळा करते आहे. वहिनीनं तिच्या हातातून भांडी काढून घेतली. जाता जाता तिनं नणंदेच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ, आणि मोरीकडे गेली. धाकटा म्हणाला, “मिळत होती ना मुदत,” पण कुणाला उद्देशून नाही. भिंत हवी असलेला माणूस भिंत मिळाल्यावर दिसावा तसा तो दिसत नव्हता. तो उठून बाहेर गेला.

दादा अजून उभाच होता.

“काय म्हणाली?”

“येते म्हणाली.”

“बघायला?”

“हो.”

त्यानं खाली मान घातली.

“मग एक सांगतो. सगळ्यात मोठीची मागची बाजू राहिलीय. भिंतीकडे आहे म्हणून तुला दिसली नाही. एकच हात बसलाय. वळवायला कुणी हवं होतं.”

त्या लाकडावर आता काहीच धरणार नव्हतं, एक हात काय आणि दोन काय. तिनं काठी चाचपली आणि उठली. खुब्यातून कळ निघून गुडघ्यापर्यंत गेली.

“खाली कागद अंथर,” ती म्हणाली. “थेंब जमिनीवर पडता कामा नये. पाण्यात तर नाहीच.”

“मला शिकवतेस?”

“हो. शिकवते. आधी शिकवायला हवं होतं.”

शेडमध्ये दुपारचं ऊन दारापर्यंत आलं होतं. दोघांनी मिळून बरगडी भिंतीपासून सोडवली, फिरवली, खाली जुने कागद पसरले. त्यानं डबा उघडला, काडीनं ढवळला, आणि ब्रश मनगटाला बांधायला हात तिच्यापुढे केला. तिनं गाठ मारली. मग पलीकडे जाऊन, काठी भिंतीला टेकवून, तिनं बरगडी दोन्ही हातांनी धरली.

त्यानं ब्रश टेकवला. रेघ वाकडी उठली.

“हलवू नकोस.”

“मी नाही हलवत.”

“मग कोण हलवतंय?”

“तू.”

तो थांबला. ब्रशकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं.

“हं,” तो म्हणाला. “मग घट्ट धर.”